सर्व सुखरूप, काळजी नसावी

पूर्वी आपल्याकडे पत्र लिहिण्याचा एक ठरलेला साचा असे. वर मधोमध 'श्री', मग वडीलधाऱ्यांस साष्टांग नमस्कार, धाकट्यांस अनेक आशीर्वाद, आणि लगोलग पुढची ओळ : 'इकडील सर्व क्षेम. तुमचे क्षेम कळवीत जावे.' शाळेत असताना आम्हांला या ओळीची मोठी गंमत वाटे. घरात तिघे हिवतापाने अंथरुणावर, आजीचा गुडघा सुजलेला, गाय आटलेली. आणि पत्राच्या आरंभी मात्र सर्व क्षेम! लिहिणारा ती ओळ सवयीने लिही आणि वाचणारा सवयीने ओलांडून पुढे जाई.

पण वाचकहो, माझ्या आयुष्यात दोन वेळा असे घडले, की त्या एका ओळीखेरीज दुसरे काहीही आमच्या घराला नको होते. एकदा धरण फुटले होते, एकदा आभाळ. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत पोस्टकार्डाच्या जागी खिशातला टेलिफोन आला होता. पण ती ओळ हाती येईपर्यंत दोन्ही वेळा जीव सारखाच टांगणीला लागला. असे का व्हावे, आणि आपल्यासारख्या चारचौघांच्या घरांना त्यावर काय करता येईल, हे सांगण्यासाठी दिवाळीच्या गोड दिवसांत हा विषय काढला आहे. नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावल्यावरच आपण फराळाला बसतो. हा लेखही तसाच समजावा.

नारायण पेठेतले कार्ड

पहिली वेळ १९६१ ची. आम्ही तेव्हा नागपुरास धंतोलीत राहात होतो आणि मी नुकताच चौथीत गेलो होतो. आईचे माहेर पुण्याचे, नारायण पेठेतले. आजोबा, आजी, मामा, मामी आणि दोन मामेभावंडे असे सहाजण एका जुन्या वाड्यात तळमजल्यावर राहात.

१२ जुलैचा तो बुधवार. त्या सकाळी आंबी नदीवरचे, अजून बांधून पुरे न झालेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. ते पाणी खडकवासल्याला येऊन थडकले आणि तिथले जुने दगडी धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही. मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले. जवानांनी वाळूची पोती रचरचून पानशेतचे धरण काही तास सावरून धरले, त्यामुळे पाणी रात्रीच्या झोपेत न येता दिवसाउजेडी आले आणि पुष्कळांना पळता आले, हे पुणेकर अजून कृतज्ञतेने सांगतात.

हे सारे आम्हांला नंतर कळले. त्या संध्याकाळी कळले ते एवढेच, की पुण्यात महापूर आला आहे. आळीत रेडिओ एकच, शेजारच्या वकिलांकडे. बातम्यांच्या वेळी त्यांच्या ओसरीत दाटी झाली. निवेदकाने शांत, स्वच्छ आवाजात पुराची बातमी सांगितली आणि तो दुसऱ्या बातमीकडे वळला. आई तशीच उभी होती. रेडिओने तिला सबंध पुण्याचे सांगितले होते. तिला हवी होती ती सहा माणसे.

वडील तारघरात जाऊन ट्रंक कॉल लावून बसले. पुण्याला मामांच्या वाड्यात कुणाकडेच टेलिफोन नव्हता. पण लक्ष्मी रोडवर त्यांच्या ओळखीचे एक दुकान होते, तिथला नंबर वडिलांच्या वहीत होता. रात्री दहापर्यंत बसून ते परत आले. लाइन मिळत नव्हती. दुसऱ्या दिवशी तार केली. तिचेही उत्तर नाही. उत्तर देणार कोण? ज्या पत्त्यावर तार पाठवली, तो पत्ताच जाग्यावर नव्हता.

पाचव्या दिवशी पोस्टमन आला. मामांच्या हातचे कार्ड होते. पेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी : 'आम्ही सर्व सुखरूप आहोत. घर राहिले नाही. सध्या एका शाळेत उतरलो आहोत. काळजी नसावी.'

आईने ते दोनदा वाचले, आत गेली आणि देवापुढे साखर ठेवली. घर गेल्याचे पत्र आले आणि घरात साखर वाटली गेली, याचे मला त्या वयात फार नवल वाटले होते. आज वाटत नाही.

त्याच आळीत, दुसऱ्या टोकाला

दुसरी वेळ मंगळवार, २६ जुलै २००५ ची. मुंबईकर वाचकांना ही तारीख वेगळी सांगायला नकोच. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, मिठी नदी वस्त्यांत शिरली, आणि लाखो माणसे कचेऱ्यांतून घराकडे निघून वाटेतच अडकली.

आम्ही तेव्हा ठाण्याला राहात होतो. लेक अंधेरीला नोकरीला. दुपारी साडेतीनला तिचा फोन आला होता, 'बाबा, पाऊस फार आहे, आज उशीर होईल.' त्यानंतर काही नाही. पाच वाजता मी तिच्या मोबाईलला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. 'या मार्गावरच्या सर्व लाइन्स व्यस्त आहेत.' पुन्हा लावला. घरातल्या काळ्या टेलिफोनपाशी खुर्ची ओढून मी जो बसलो, तो उठलोच नाही. फोन ठेवायचा, उचलायचा, तेच दहा आकडे फिरवायचे. शेवटी बोट आपोआप चालू लागले.

रात्री साडेअकराला सौभाग्यवतींचा धीर सुटला. त्या म्हणाल्या, "अहो, आता तो फोन जरा खाली ठेवा बघू. दोन घास खाऊन घ्या, मग हवा तर पुन्हा लावा."

मी चिडूनच फोन ठेवला आणि पानावर बसलो. पहिला घास तोंडात जातो न जातो तो घंटी वाजली. नागपूरहून माझी थोरली बहीण बोलत होती.

"अरे, कुणाशी बोलत बसला आहेस इतका वेळ? तासभर झाला, तुझा फोन लागेल तर शपथ! पोरीचा निरोप आला आहे माझ्या मोबाईलवर. कचेरीतच आहे, तिसऱ्या मजल्यावर. अकराजणी आहेत, खायला बिस्किटे आहेत, सुखरूप आहे. आईला सांगा म्हणते."

वाचकहो, त्या घासाला मला जी चव लागली ती आजवर कुठल्या मेजवानीत लागलेली नाही. पण त्याबरोबर ठसकाही लागला. लेकीने आम्हांला दहादा फोन करून पाहिला होता. तो लागेना म्हणून शहाण्या मुलीने आत्याला दोन ओळींचा लेखी संदेश धाडला. तो अर्ध्या तासात नागपूरला पोचला. आणि तिथून तो आमच्या घरी यायला एक तास लागला, कारण दार अडवून मी स्वतःच बसलो होतो. बातमी उंबऱ्यापाशी उभी होती आणि तिच्या काळजीनेच मी तिला आत येऊ देत नव्हतो.

लेक तिसऱ्या दिवशी घरी आली. तिने ते सारे हसण्यावारी नेले. मी मात्र तेव्हापासून या विषयाचा जरा शोध घेऊ लागलो, आणि जे हाती लागले ते पुढे सांगतो.

शंभराच्या पंगतीला हजार पाने

टेलिफोनची सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी असते : सगळे लोक एकाच वेळी बोलणार नाहीत. गावात दहा हजार फोन असले, तरी एका क्षणी त्यांतले थोडेच चालू असतील असे धरून तारा आणि यंत्रे बसवलेली असतात. यात कुणाची लबाडी नाही. आपणही घरात रोजच्या माणसांपुरतीच ताटे ठेवतो. मोबाईलचेही तसेच. एका मनोऱ्याला एका वेळी ठराविक संभाषणेच पेलतात. संकट आले की ज्याला त्याला त्याच क्षणी बोलायचे असते, शंभराच्या पंगतीला हजार पाने बसतात, आणि कुणाच्याच पानात काही पडत नाही. ज्याला रुग्णवाहिका हवी त्याचाही फोन त्याच गर्दीत अडकतो.

दुसरे कारण विजेचे. जुन्या तारेच्या टेलिफोनला एक मोठा गुण होता. त्याला लागणारी वीज त्याच तारेतून, एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांवरून येई. घरातले दिवे गेले तरी तो चालू राही. २००५ च्या त्या रात्री मुंबईतल्या कित्येक अंधाऱ्या घरांत एवढी एकच वस्तू जिवंत होती. हल्ली घराघरांत काचतंतूच्या तारेवरून जो फोन येतो, त्याची पेटी घरच्या विजेवर चालते. वीज गेली की तीही डोळे मिटते. मोबाईलच्या मनोऱ्यापाशी बॅटऱ्या आणि डिझेलचे जनित्र असते, पण बॅटरी काही तासांची सोबतीण, आणि डिझेल पोचवायला रस्ता उघडा लागतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या बाजूच्या गावांत विजेचे खांब आडवे झाले, रस्त्यांवर झाडे पडली आणि फोन मुके झाले. मुंबईतल्या चाकरमान्यांना घरचे छप्पर उडाले की राहिले, हे कळायला कित्येक दिवस लागले.

मग लेकीचा संदेश कसा गेला? त्याचे कारण सोपे आहे. बोलण्यासाठी या टोकापासून त्या टोकापर्यंतची वाट सतत मोकळी लागते. लेखी संदेशाला क्षणभराची फट पुरते. फट नसेल तर तो संदेश-केंद्रात पडून राहतो आणि पलीकडचा फोन सापडला की जाऊन पोचतो. शिवाय गर्दी बहुधा संकटाच्या गावात असते. दूरच्या गावी जाणारी वाट कित्येकदा मोकळी मिळते. अंधेरीहून ठाण्याला जे गेले नाही, ते नागपूरला गेले ते यामुळेच. साध्या लेखी संदेशात रोमन लिपीतली १६० अक्षरे मावतात, देवनागरीतली ७०; आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी यांचीही वेगळी मोजणी होते. 'आम्ही सर्व सुखरूप, दादरला मामांकडे आहोत. काळजी नको.' एवढे लिहूनही जागा उरते. माणसाला त्या वेळी याहून अधिक काही सांगायचे असते का?

अंदमानातला आवाज

पण तारा तुटल्या, मनोरे पडले, वीज गेली, सगळेच संपले, तर? तेव्हा काय होते, त्याची एक गोष्ट आपल्या देशातलीच आहे.

जगभर एक हौशी मंडळींची जात आहे. तिला 'हॅम' म्हणतात. ही माणसे पोटापाण्याचे उद्योग सांभाळून घरी छोटे बिनतारी यंत्र बसवतात आणि जगभरच्या आपल्यासारख्याच हौशी लोकांशी बोलतात. यासाठी आपल्याकडे केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. बारा वर्षांचे मूलही ती देऊ शकते. आपले दिवंगत पंतप्रधान राजीव गांधी हेही असेच परवानाधारक हॅम होते. यांच्या यंत्राला मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी पुरते आणि दोन झाडांना बांधलेली तार म्हणजे यांचा मनोरा. यांच्या लघुलहरी आकाशात शेकडो किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरावर आपटून पुन्हा पृथ्वीकडे वळतात, त्यामुळे मधे समुद्र असो की डोंगर, आवाज हजार-दोन हजार किलोमीटर सहज जातो. मधे एक्सचेंज नाही, तार नाही. तुटण्यासारखे काही नाहीच.

या मंडळींना दुर्मीळ ठिकाणांशी बोलण्याची फार हौस. तिकिटे जमवणाऱ्याला लहानशा बेटाचे तिकीट मिळावे तसे. अंदमान-निकोबार हे असेच एक ठिकाण. तिथून १९८७ नंतर कुणीही हॅम बोलला नव्हता. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेतर्फे भारती प्रसाद आणि त्यांचे साथीदार परवानगी मिळवून पोर्ट ब्लेअरला गेले, आणि साऱ्या जगाचे हॅम त्यांचा आवाज पकडण्यासाठी यंत्रांना कान लावून बसले.

२६ डिसेंबरच्या रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी प्रचंड भूकंप झाला. पोर्ट ब्लेअर हादरले आणि पाठोपाठ समुद्र चालून आला. खाली निकोबार बेटांवर तर गावेच्या गावे धुऊन निघाली. कार निकोबारचा हवाई दलाचा तळ उद्ध्वस्त झाला. देशाचे दक्षिण टोक, ग्रेट निकोबारवरचे इंदिरा पॉइंट, खचून त्याच्या दीपस्तंभाच्या पायाला समुद्र लागला. टेलिफोन बंद, वीज बंद; आणि मुख्य भूमी बाराशे किलोमीटर दूर.

हौसेसाठी नेलेली ती यंत्रे त्या दिवसापासून कामाला लागली. भारती प्रसाद यांनी पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीवरच्या हॅमांशी संधान बांधले. काही साथीदार पुढे कार निकोबारला गेले आणि तिथे त्यांनी यंत्र उभे केले. बेटांवर अडकलेल्यांची नावे, ठावठिकाणे, औषधांच्या मागण्या, 'अमका सुखरूप आहे, त्याच्या घरी कळवा' असे निरोप त्या लहरींवरून येऊ लागले. मुख्य भूमीवरचा हॅम ते वहीत उतरून घेई आणि आपल्या टेलिफोनवरून त्या त्या घरी कळवी. नागपूरच्या आमच्या अक्काने एका रात्री जे काम केले, ते या मंडळींनी कित्येक दिवस अनोळखी घरांसाठी केले. त्याआधी २००१ च्या २६ जानेवारीला भूजच्या भूकंपातही देशाच्या निरनिराळ्या भागांतले हॅम यंत्रे घेऊन कच्छात धावले होते.

या मंडळींचा एक नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. संकटाचे बोलणे चालू असलेल्या लहरीवर इतरांनी तोंड उघडायचे नाही. ऐकत राहायचे आणि कुणी मदत मागितली तरच बोलायचे. शिवाय बोलायचे ते मोजके. नाव अक्षर-अक्षर सुटे करून, आकडा दोनदा, निरोप एका वाक्यात, आणि मग बटण सोडून दुसऱ्याला संधी. ज्यांना बोलण्याचा सर्वांत अधिक नाद, त्यांनीच गप्प बसण्याचे शास्त्र केले आहे. २००५ च्या त्या संध्याकाळी हे शास्त्र मला ठाऊक असते तर!

एकाने बोलावे, सर्वांनी ऐकावे

हॅमचे यंत्र घरोघर असणार नाही हे उघड आहे. पण साधा ट्रान्झिस्टर असू शकतो. टेलिफोनवर ऐकणारे वाढले की तो बंद पडतो. आकाशवाणी एकाने ऐकली काय आणि एक कोटींनी ऐकली काय, लहरीला त्याचे ओझे नाही. दोन सेलवर चालणारा रेडिओ कित्येक दिवस पुरतो. सगळे शहर अंधारात असताना एक खात्रीचा आवाज कानी पडणे हे केवढे बळ आहे, ते ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

आणि अफवेवर उताराही तोच. मामा सांगत, पानशेतच्या दुसऱ्या दिवशी 'पुन्हा पाणी आले!' अशी हाकाटी उठली आणि चिखलात भांडीकुंडी शोधणारी माणसे हातातले टाकून उंच जागेकडे पळत सुटली. म्हातारीकोतारी पडली, मुले चुकली. पाणी आलेच नव्हते. आज तीच हाकाटी मोबाईलवर एका बोटाने हजार घरांत जाते, आणि सोबत दुसऱ्याच गावच्या, दुसऱ्याच वर्षीच्या पुराचे चित्रही जाते.

रेडिओची ही 'एकाने बोलावे, सर्वांनी ऐकावे' युक्ती आता मोबाईलमध्येही आली आहे. २०२३ साली आपल्यापैकी अनेकांचा फोन अचानक कर्कश ओरडला आणि पडद्यावर सरकारी इशाऱ्याचा नमुना उमटला, तो आठवतो ना? आमच्या मजल्यावर तर फोन बिघडला म्हणून दोघे दुरुस्तीच्या दुकानात गेले होते. ती चाचणी होती. मनोरा त्याच्या टापूतल्या सगळ्या फोनांना तो इशारा एकदम ऐकवतो. एकेकाला वेगळा फोन करीत बसत नाही. त्यामुळे गर्दीतही तो पोचतो.

जपानी मंडळींची पहिली आणि पंधरावी तारीख

सरकारने वरून इशारा दिला. पण घरच्यांचे क्षेम घरच्यांना कसे कळावे? याचे उत्तर शोधले जपानने. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे शहराला भूकंप झाला. सहा हजारांवर माणसे गेली आणि चौकशीच्या फोनांनी तारा तुडुंब भरल्या. त्यावरून धडा घेऊन १९९८ मध्ये तिथे १७१ हा क्रमांक सुरू झाला. संकटाच्या वेळी हा आकडा फिरवायचा, आपल्या घरचा टेलिफोन क्रमांक सांगायचा आणि अर्ध्या मिनिटाचा निरोप ठेवून द्यायचा. आप्तांनी देशात कुठूनही १७१ फिरवून तोच घरचा क्रमांक सांगितला, की त्यांना तो निरोप ऐकू येतो. कुणी कुणाला शोधायचे नाही. दोघांनी ठरलेल्या खुंटीवर चिठ्ठी टांगायची आणि काढून घ्यायची. ठेवलेली चिठ्ठी गर्दी उलटेपर्यंत थांबू शकते. रिकामी वाजणारी घंटी थांबू शकत नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. दर महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तारखेला या क्रमांकाची कुणालाही रंगीत तालीम करता येते. आजीने निरोप ठेवावा, नातवाने तो ऐकावा. संकटात हात थरथरत असताना नवी गोष्ट शिकता येत नाही, आधी शिकलेलीच आठवते, हे त्यांनी ओळखले आहे.

आपल्या घराची खुंटी

तसा क्रमांक हाती नसला, तरी तशी खुंटी प्रत्येक घराला स्वतः ठोकता येईल. पैसे लागत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत सगळे एकत्र जमलेच आहेत, तेव्हा अर्धा तास पुरे.

पहिली गोष्ट, परगावचा एक माणूस ठरवा. काका, आत्या, मावशी, कुणीही. पण आपल्या गावापासून दूरचा आणि फोन उचलण्याची सवय असलेला. संकटात घरच्यांनी एकमेकांना फोन करायचा नाही, सर्वांनी त्याला एक लेखी निरोप धाडायचा. चौघांचे क्षेम त्याच्यापाशी जमेल आणि तो चौघांना कळवील.

दुसरी, निरोपात तीनच गोष्टी : सुखरूप आहे की नाही, कुठे आहे, आणि तिथेच थांबणार की निघणार. पुराचे वर्णन नंतर, चहा पिता पिता.

तिसरी, महत्त्वाचे क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाच्या पाकिटात आणि मुलांच्या दप्तरात ठेवा. हल्ली आपल्याला सख्ख्या भावाचा क्रमांक पाठ नसतो; फोनची बॅटरी संपली की भाऊही संपला! त्याच कागदावर मदतीचा ११२ आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हे आकडे लिहा.

चौथी, सेलवरचा एक रेडिओ, दोन जादा सेल आणि मोबाईल भरायची एक बॅटरी एका डब्यात ठेवा. दर दिवाळीला आकाशकंदील माळ्यावरून काढताना तोही डबा काढून तपासा.

आणि पाचवी, सर्वांत अवघड. एकदा निरोप ठेवला की फोन खाली ठेवा. वाट पाहा. गटागटांत चित्रे पाठवू नका, 'कळले का?' म्हणून विचारू नका. तुम्ही मोकळ्या ठेवलेल्या त्या वाटेवरून कदाचित दुसऱ्या कुणाची रुग्णवाहिका जाईल; कदाचित तुमच्याच लेकीचा निरोप तुमच्या दारी येईल.

आमच्या घरची खुंटी

अक्का आता नाही, धंतोलीतले घरही नाही. देशातली तारसेवाही २०१३ च्या जुलैत बंद झाली. मामांचे ते कार्ड मात्र माझ्यापाशी आहे. पेन्सिलीची अक्षरे पुसट झाली आहेत, पण चारही ओळी वाचता येतात.

आमची खुंटी सध्या बेळगावला आहे, माझ्या भाच्याकडे. जपानी मंडळींचे पाहून आम्हीही दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तालीम करतो. लेक, जावई, नात आणि आम्ही दोघे, जो जिथे असेल तिथून भाच्याला एक ओळ धाडतो आणि तो सगळ्यांना पोच देतो. नात बारा वर्षांची आहे. तिला या सगळ्याची फार गंमत वाटते. परवा तिने लिहिले होते, 'इकडील सर्व क्षेम. गणिताचा पेपर मात्र क्षेम नाही.'

सौभाग्यवती म्हणाल्या, "बघा, थट्टा करते आहे तुमची." मी म्हटले, करू दे. तिच्या वयाचा असताना मीही त्या ओळीला हसतच होतो. ती लिहिण्याची सवय तिच्या बोटांना लागली, की माझे काम झाले.